एक पायरीसुद्धा नाही

"इनको कुछ समझता नहीं. आप मुझसे पूछिए."

नागपूरच्या विमानतळावर, सामान देण्याच्या काउंटरपुढे, माझ्या विहीणबाई हे माझ्या डोक्यावरून बोलल्या. डोक्यावरून, कारण मी खाली होते. चाकांच्या खुर्चीत. मांडीवर त्यांची पर्स, त्यांचा कोट, संत्रा बर्फीचे दोन डबे आणि मानेखाली घ्यायची त्यांची उशी. काउंटरवरच्या मुलीनं मला विचारलं होतं, "माताजी, सीढी चढ पायेंगी?" साधा प्रश्न. मला त्याचं उत्तर येत होतं.

विहीणबाईंनी ते दिलं. "एक सीढी भी नहीं."

मुलीनं काहीतरी दाबलं. माझ्या बोर्डिंग पासवर चार इंग्रजी अक्षरं जास्तीची छापून आली, एकही पायरी न चढणाऱ्यांची खूण.

मी एकसष्ट वर्षांची आहे. त्या दिवशी सकाळी आमच्या दुसऱ्या मजल्यावरून बॅग डोक्यावर घेऊन मीच खाली उतरले होते.

आम्ही कोष्टी. इतवारीच्या मागच्या गल्लीत बापाचा माग होता, खड्ड्यातला. बाप कमरेपर्यंत जमिनीत बसायचा आणि पायानं पावडी दाबायचा. आम्हा बायका-पोरींचं काम ताण्याचं, मागाला लागणारं उभं सूत ताणायचं. सकाळी गल्लीत खुंट्या रोवायच्या आणि सूत हातात धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं. परत यायचं. पुन्हा जायचं. एका लुगड्यामागं किती येरझारा, ते कुणी विचारलं नाही. नवव्या वर्षापासून मी चालले. माग बंद पडला तेव्हा एका वाचनालयात शिपाई म्हणून लागले. पुस्तकं झटकायची, लावायची, झटकायची. एकतीस वर्षं. झटकता झटकता वाचली. आधी मराठी, मग हिंदी, मग बोटानं ओळ धरून इंग्रजी. बोलायची वेळ मात्र कधी आली नाही. शिपायाशी इंग्रजीत कोण बोलतं.

दर वर्षी वाचनालयाचा समारंभ व्हायचा. पाहुणे यायचे, वाचनसंस्कृतीवर तासभर बोलायचे आणि जाताना भेट मिळालेलं पुस्तक टेबलावर विसरून जायचे. मी ते परत कपाटात लावायची. खुर्च्या मांडायचं कामही माझं. मधली मोठी, बाजूच्या लहान. एकतीस वर्षं दुसऱ्यांसाठी मांडल्या. माझ्यासाठी कुणी आणलेली ही पहिली खुर्ची, आणि तिला चाकं होती.

मी बसले का, ते सांगते.

माझी लेक शुभांगी मस्कतला असते. एम.एस्सी. झालेली, तिकडं शाळेत शिकवते. नवरा इंजिनीअर, धरमपेठेतल्या घरचा. लग्न दोघांनी ठरवलं, त्यामुळे दोन्ही घरांनी ते सोसलं. पंधरा दिवसांपूर्वी तिचा फोन आला. गर्भाच्या पिशवीत गाठी आहेत. ऑपरेशन ठरलं.

"आई, डॉक्टर म्हणते नुसत्या गाठी काढता येतात," ती म्हणाली. "घरचे म्हणतात, पिशवीच काढून टाक, कटकट संपते. एक पोरगा आहे ना, म्हणतात. मले काही सुचून नाही राहिलं. तू ये. तू आली का मगच सही करीन."

"येतो ना वं," मी म्हटलं. "काहून नाही येणार."

"एकटी नको येऊ. मम्मींसोबत ये."

मम्मी म्हणजे माझ्या विहीणबाई. ऑपरेशन बुधवारी सकाळी. आमचं तिकीट मंगळवारचं, स्वस्तातलं. खायला काही नाही, पाणी विकत, मध्ये आखातातल्या एका विमानतळावर सहा तास बसायचं आणि मग दुसरं लहान विमान. एका दिवसात तीन देश. कुठं काही चुकलं की बुधवार सकाळ गेली. हे मला पक्कं माहीत होतं. विहीणबाईंनाही.

खुर्चीचं मला घरी सांगितलं नव्हतं. विमानतळाच्या दारात टॅक्सीतून उतरले तर एक माणूस माझं नाव लिहिलेला कागद आणि खुर्ची घेऊन उभा.

"हे काहून जी?" मी विचारलं.

"रांग लागत नाही. खुर्चीसोबतच्या माणसालाही पुढं घेतात. सगळे करतात."

"मले चालता येते."

"मला माहीत आहे तुम्हाला चालता येतं. बसा. लोक पाहताहेत."

गंमत अशी की गुडघे त्यांचे दुखतात. जिना चढताना त्या प्रत्येक पायरीवर थांबतात. खुर्ची लागली असती तर त्यांना. पण त्यांचे यजमान मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. विमानतळावर ओळखीचं कुणी भेटलं असतं आणि त्यांना ढकलत नेताना पाहिलं असतं, तर ते चाललं नसतं. मला ढकलताना कुणी पाहिलं तर चालणार होतं. किंबहुना बरंच दिसलं असतं. विहिणीची किती काळजी घेतात.

मी बसले. भांडले असते तर तिथंच उशीर झाला असता. लेकीनं हात जोडून सांगितलं होतं, त्यांना दुखवू नको. म्हटलं, दोन तासांचं सोंग आहे.

रांगेत दीडशे माणसं असतील. आम्ही बाजूनं पुढं गेलो. एका बाईनं कडेवरचं मूल दुसऱ्या कडेवर घेतलं आणि आमच्यासाठी बॅग सरकवली. तिनं माझ्या पायांकडं पाहिलं. मी पाय साडीखाली ओढून घेतले. लाज मला वाटली. विहीणबाई पुढं पाहून चालत होत्या.

पासपोर्ट तपासून झाल्यावर त्यांनी दोन्ही पासपोर्ट आपल्या पर्समध्ये टाकले. पर्स पुन्हा माझ्या मांडीवर. मग वाकून हळूच म्हणाल्या, "आता मधेच उठायचं नाही हं. खोटं सांगितलं म्हणून परत पाठवतात. शुभांगीचा विचार करा."

त्या वाक्यानंतर माझे पाय खरोखर जड झाले.

दुसऱ्या विमानतळावर उतरलो तेव्हा दुपार होती. विमानतळाचं नाव लिहीत नाही, दोष त्याचा नव्हता. काचेची एवढी मोठी इमारत की आत झाडं लावलेली. खुर्ची ढकलणारा पन्नाशीचा माणूस बिहारचा होता. त्यानं मला एका लांब भिंतीशी नेलं. तिथं आधीच सात-आठ खुर्च्या लावलेल्या. सगळ्या भिंतीकडं पाठ करून, एका रेषेत, आमच्या वाचनालयात पावसाळ्यात सायकली लावायच्या तशा.

विहीणबाईंनी माझ्या मांडीवरून पर्स उचलली. कोट ठेवला.

"वर एक बसायची जागा आहे. माझ्या कार्डावर एकालाच सोडतात. मी जरा पाय लांब करते. तुम्ही बसा आरामात."

"माझा पासपोर्ट देऊन जा जी."

"इथं कशाला लागतो? हरवाल कुठंतरी."

त्या गेल्या. काचेच्या जिन्यानं वर, सरकत्या. मी त्यांच्या चपलांकडं पाहत राहिले, दिसेनाशा होईपर्यंत.

मग तास सुरू झाले. माझ्या फोनला तिथं नेटवर्क नव्हतं. समोरच्या मोठ्या पाटीवर विमानांची नावं वर सरकत होती. आमचं सहा वाजून दहाचं. खालून तिसरं, मग दुसरं. कुणीतरी सारखं काहीतरी घोषित करत होतं आणि प्रत्येक वेळी मला वाटायचं, आपलंच. एक गणवेशातला माणूस आला, आमच्या रांगेकडं बोट करून मोजून गेला. एक, दोन, तीन. माझ्याजवळ बोट जरा थांबलं. मी वाकून बसले. मला कुणी सांगितलं नव्हतं वाकायला. हे लिहिताना अजून राग येतो. मी आपल्या मनानं वाकले.

लघवीला लागली होती. संडासाची पाटी वीस पावलांवर दिसत होती. वीस पावलं. मी गल्लीत रोज त्याच्या हजारपट चालले असेन. उठले नाही. उठलात तर परत पाठवतात.

तासाभरानं तो बिहारी माणूस आला. त्याला म्हटलं, भैया, बाथरूम. त्यानं खुर्ची दारापर्यंत नेली आणि दाराशी उभा राहून हळू आवाजात विचारलं, "माताजी, आप चल लेती हैं ना?"

मी पाय पुन्हा साडीखाली ओढले.

"चार-पाँच तो रोज आती हैं ऐसी," तो म्हणाला. "जहाज से उतरते ही दौडने लगती हैं. हम लोग बोलते हैं, चमत्कार हो गया." तो हसला नाही. मान वळवून त्यानं दाखवलं. पलीकडं एक म्हातारी स्वतःच्या बॅगेवर बसली होती. उजव्या पायाला गुडघ्यापर्यंत प्लास्टर. "वो दो घंटे से बैठी है. कुर्सी खाली नहीं है."

मी आत गेले. चालत गेले, चालत आले. हात धुताना आरशात एक बाई दिसली. पाठीत वाकलेली. ती माझ्या आईसारखी दिसत नव्हती, माझ्यासारखीही नव्हती. काउंटरवर जे सांगितलं होतं, तशी दिसत होती. एका दिवसात.

बाहेर आले आणि पुन्हा त्याच खुर्चीत बसले. होय, बसले. त्या म्हातारीकडं न पाहता. शूर माणसांच्या गोष्टी मी पुष्कळ वाचल्या आहेत. मला तेव्हा फक्त बुधवार दिसत होता.

पाच वाजता विहीणबाई खाली आल्या. तोंड धुतलेलं, केस नीट केलेले. बरोबर विमान कंपनीची एक बाई, हातात यादी. ती इंग्रजीत बोलत होती. मला सगळं समजत होतं. विमान लहान आहे. विमानापर्यंत बसनं जायचं, मग शिडी. ज्यांना एक पायरीही चढता येत नाही त्यांना उचलून चढवणारी गाडी लागते, आणि अशी दोनच माणसं या विमानात घेता येतात. आज तीन झाली आहेत. तिसऱ्यांना उद्या दुपारच्या विमानात पाठवू. राहायची सोय करू.

तिसरी मी.

"यांना खरंच एकही पायरी चढता येत नाही?" त्या बाईनं विचारलं.

मी विहीणबाईंकडं पाहिलं. त्यांना फक्त एवढं म्हणायचं होतं की येतं. एक शब्द. पण मग काउंटरवर काय सांगितलं, ते खोटं, हे निघालं असतं. त्यांचं खोटं. त्या यादीवाल्या बाईसमोर, गणवेशातल्या त्या माणसासमोर. मी त्यांचा चेहरा पाहत होते. त्यांना ठरवायला फार वेळ लागला नाही.

"नाही येत," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "ठीक आहे. मी जाते पुढं. सुनेचं उद्या सकाळी ऑपरेशन आहे, घरचं कुणीतरी पोचायला हवं. हिला उद्या पाठवा. हिला काही समजत नाही, पण त्रास देत नाही. गप्प बसते."

मग माझ्याकडं वळून मराठीत, गोड आवाजात, "विहीणबाई, थोडा उशीर आहे हं. तुम्ही उद्या या मागून. सहीचं वगैरे मी बघते."

सहीचं मी बघते.

माझ्या मांडीवरचा कोट खाली पडला, तेव्हा मला कळलं की मी उभी आहे.

"आय कॅन वॉक," मी म्हटलं. आवाज फाटका आला. एकतीस वर्षं वाचलेली भाषा पहिल्यांदा तोंडातून निघत होती. "आय कॅन क्लाइम्ब. शी सेड नो. आय डिड नॉट से."

यादीवाली बाई माझ्याकडं पाहत राहिली. गणवेशवाला दोन पावलं पुढं आला. आता परत पाठवतात, मनात आलं. पाठवू देत, हेही आलं. पण बसून नाही.

"विहीणबाई, काय करताय? खाली बसा. सगळे पाहताहेत."

"पाहू द्या जी," मी म्हटलं. "माझा पासपोर्ट."

"हे बघा, तमाशा नको."

"पासपोर्ट."

मी हात पुढं करून उभी राहिले. किती वेळ, माहीत नाही. त्यांनी पर्स उघडली. दोन पासपोर्टांतला माझा कुठला, ते पाहायला त्यांना दोन्ही उघडावे लागले. मला दया आली नाही. आली असती तर मी लिहिलं असतं.

यादीवाल्या बाईनं एक कागद आणला. मी स्वतः चालू शकते, चढू शकते, खुर्ची नको. मी तो पूर्ण वाचला. दोनदा. मग सही केली. परत पाठवणं वगैरे काही नव्हतं. एवढंच होतं. एक कागद आणि एक सही. दिवसभर मी ज्याला घाबरले, ते फक्त विहीणबाईंच्या तोंडात होतं.

बिहारी माणसानं रिकामी खुर्ची फिरवली आणि प्लास्टरवाल्या म्हातारीकडं नेली. माझ्याकडं त्यानं पाहिलंही नाही. बरोबरच होतं. चार तास ती खुर्ची मी अडवली होती.

शिडीवर मी पुढं होते. बावीस पायऱ्या. मागे वळून पाहिलं तर विहीणबाई पाचवीवर थांबलेल्या, कठडा धरून, धापा टाकत. मी चार पायऱ्या खाली आले आणि हात दिला. हात दिला. पिशव्या घेतल्या नाहीत.

मस्कतला जावई घ्यायला आले. गाडीत विहीणबाईंनी सांगितलं, "तुझ्या सासूबाईंनी आज फार गोंधळ घातला." जावयानं आरशातून माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "परतीच्या तिकिटातली माझी खुर्ची काढा जी. आत्ताच काढा." त्यांनी गाडी बाजूला घेतली, फोनवर काढली. काढेपर्यंत मी पाहत राहिले.

लेक दारात उभी होती. वाळलेली. गळ्यात पडली आणि मग आतल्या खोलीत नेऊन पहिलं वाक्य हे बोलली.

"काय वं आई तू. बसली असती तर काय झालं असतं?"

"तुले माहीत होतं?"

"मीच टाकलं होतं तिकिटात. मम्मींले रांगेत उभं राहवत नाही. तुले सांगितलं असतं तर तू ऐकली असती का?"

मी म्हटलं, "त्या मले तिथं सोडून येऊन राहिल्या होत्या."

"आली ना तू," ती म्हणाली. आणि दाराकडं पाहिलं, कुणी ऐकतंय का. माझी एम.एस्सी. झालेली पोरगी. स्वतःच्या घरात. तेव्हा मला कळलं, खुर्च्या सगळ्यांना चाकांच्याच लागतात असं नाही.

"तुझ्या मनात काय आहे?" मी विचारलं.

"मम्मी म्हणतात..."

"त्यांचं नाही विचारलं वं."

ती खूप वेळ चादरीची घडी करत राहिली. मग एवढ्या हळू बोलली की मी कान जवळ नेला. "मले नुसत्या गाठी काढायच्या आहेत. पिशवी राहू दे म्हणते मी. पण पुन्हा झाल्या तर? पुन्हा सुट्टी, पुन्हा सगळ्यांले त्रास. उद्या पाहू."

सकाळी सात वाजता दवाखान्यात तिला चाकांच्या खुर्चीत बसवलं. तिथला नियमच तसा. जावई गाडी लावायला गेले. ढकलायला नर्स, बाजूला विहीणबाई, हातात फाइल. मी मागे. डॉक्टर बाई आल्या, दक्षिणेकडच्या, शांत. लेकीसमोर वाकून त्यांनी इंग्रजीत विचारलं, "तुम्ही काय ठरवलं?"

शुभांगीनं तोंड उघडलं. विहीणबाई तिच्या डोक्यावरून बोलल्या.

"तिला काय समजणार, घाबरली आहे. मला विचारा."

शुभांगीनं तोंड मिटलं. पाय आत ओढून घेतले. मी ते पाय पाहिले.

मी मागून पुढं आले. विहीणबाईंच्या हातातली फाइल घेतली आणि लेकीच्या मांडीवर ठेवली. वर पेन ठेवला.

"आस्क हर," मी डॉक्टरांना म्हटलं.

त्यांनी पुन्हा विचारलं. शुभांगी माझ्याकडं पाहू लागली. तिचे डोळे सरळ सांगत होते, आई, तूच सांग. मला उत्तर माहीत होतं. रात्री कानात सांगितलेलं, शब्दन् शब्द. फार सोपं होतं ते. मी ते दिलं नाही. देणारही नाही. तिनं आत्ता 'सगळं काढा' म्हटलं तरी ते तिच्या तोंडून येऊ दे. माझ्याबद्दल माझ्यासमोर दुसरं कुणी बोलणार नाही, आणि माझ्या लेकीच्या जागी मीसुद्धा बोलणार नाही. मरेपर्यंत एवढं एक.

विहीणबाईंनी फाइलकडं हात नेला. मी दोघींच्या मधे येऊन उभी राहिले. पाय घट्ट रोवून, गल्लीत खुंट्या रोवायचो तसे.

"बोल वं," मी म्हटलं. "आम्ही उभे आहोत."